पिंगा, पकवा आणि रॅप: पेठेतल्या पोरीनं माईक घेतला तर

गंगावेस_कट्टा (धागाकर्ती)

गौरी जेवल्या त्या रात्रीची गोष्ट. आमच्या भागात झिम्मा-फुगडीची स्पर्धा होती. आयोजक कोण ते लिहीत नाही, रोज तोंडं बघायची असतात. माझ्या भाचीच्या गटानं पिंगा धरला. पोरगी बारावीला आहे.

पिंगा ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: दोन बाजू, एक मुलाकडची विहीण, एक मुलीकडची. आपलं ते सोनं आणि समोरचीचं ते कार्टं, हे कमरेत वाकून, गोल फिरत, एकमेकींना ऐकवायचं. लय वाढत जाते. जिचा दम आधी तुटला ती गेली.

मधल्या चार ओळी पोरीनं पदरच्या घातल्या. गाऊन नाही, ठेक्यात बोलून. मागं दोघी पकवा घालत होत्या, म्हणजे तोंडानं फूत्कार टाकत ठेका धरत होत्या.

म्हशी धुतो, धार काढतो, कट्ट्यावर घालतो दूध,
गॅदरिंगला नाचू नको म्हणतोस, तुला कसली आलीया सूद?
अभ्यास माझा पहाटेचा, सराव माझा गच्चीत,
तुझ्या ल्योकाची पदवी बाई अडकलीया पानपट्टीत!

हॉलमधल्या बायका शिट्ट्या मारायच्याच काय त्या राहिल्या होत्या. परीक्षकांनी गुण कापले. कारणं दोन सांगितली. एक, "हे रॅप झालं, आपल्या खेळात बसत नाही, आणि ते बायकांचं कामही नव्हे." दोन, "मुलगी असून मी धुतो, मी काढतो असं कसं म्हणते?" दुसरं ऐकून मी कपाळावर हात मारला. कोल्हापुरात बसून हे विचारायचं! आमच्या घरात आजीपासून सगळ्या 'मी येतो, मी जातो'च म्हणतोय. (परीक्षक बाहेरगावचे होते असं नंतर कळलं, म्हणून अर्धा गुन्हा माफ.)

घरी येताना पोरगी गप्प. गाडीवर मागं बसून एकदाच म्हणाली, "आत्ती, खरंच बायकांचं नसतं काय गं ते?"

मला हिपहॉपमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आठवडाभर रात्री बसून वाचलं. तर ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक हॉलमध्ये एक पार्टी झाली, आणि हिपहॉपचा जन्म तिथला धरतात. तबकड्या फिरवणारा डीजे कूल हर्क, त्याचं नाव सगळीकडं. पण पार्टी ठेवली कुणी? त्याच्या बहिणीनं, सिंडी कॅम्पबेलनं. शाळा सुरू व्हायची होती, नव्या कपड्यांना पैसे पाहिजे होते. आमंत्रणं हातानं लिहिली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. म्हणजे हॉल धरला बहिणीनं, गल्ला सांभाळला बहिणीनं आणि फोटो लागला भावाचा. मंडळात राबलेल्या कुठल्याही बाईला यात नवीन काय वाटणार?

तर मदत पाहिजे. येत्या रविवारी आमच्या गच्चीवर पोरी जमणार आहेत. गाणाऱ्या, रॅप करणाऱ्या, स्वतः चाली बांधणाऱ्या बायकांची गाणी ऐकवायची, गोष्टी सांगायच्या. फक्त परदेशातल्या नकोत, आपल्याही पाहिजेत. नावं सुचवा. आणि कुणाकडं हलगी असेल तर सांगा.

तबकडी_बापू

वाखूसा (वाचनखूण साठवली). सिंडीपासून सुरुवात केलीत, मन भरलं. पुढचं मी सांगतो, आयुष्यातली वीस वर्षं यात घातलीत (बायकोच्या मते वाया).

रॅपची पहिली गाजलेली तबकडी १९७९ ची, 'रॅपर्स डिलाइट'. ती काढली शुगर हिल रेकॉर्ड्सनं, आणि ही कंपनी चालवत होती सिल्विया रॉबिन्सन. स्वतः आधीची नावाजलेली गायिका. गल्लीतल्या पार्टीत जे चालतं ते तबकडीवर विकलं जाईल, हे तिनं ओळखलं. १९८२ चं 'द मेसेज' घ्या. वस्तीतल्या गरिबीवरचं ते गाणं करायला खुद्द गटातली पोरं नाखूश होती, नाचायला काही नाही म्हणून. ही हटून बसली. आज रॅपमध्ये सामाजिक आशय वगैरे बोलतो, त्याची सुरुवात या गाण्यापाशी सांगतात.

त्याच काळात 'फंकी फोर प्लस वन' नावाचा गट होता. चार पोरं अधिक एक. ती 'अधिक एक' म्हणजे शा-रॉक. १४ फेब्रुवारी १९८१ ला 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर हा गट झळकला, अमेरिकेच्या राष्ट्रीय टीव्हीवर हिपहॉप तेव्हा नुकतंच दिसायला लागलं होतं. सगळ्यात जोरदार तीच, आणि नावात मात्र वरकड धरलेली.

पण भाचीला सांगायचीच तर रॉक्झॅन शांटेची गोष्ट सांगा. १९८४. वय १४. क्वीन्सब्रिज नावाची न्यूयॉर्कची मोठी सरकारी वसाहत. तेव्हा एका पुरुष गटाचं गाणं गाजत होतं, भाव न देणाऱ्या 'रॉक्झॅन' नावाच्या मुलीवर. ही कपड्यांचं गाठोडं घेऊन धुवायला निघालेली. शेजारच्या मार्ली मार्लनं हाक मारली, त्या गाण्याला उत्तर देतेस का? घरातल्याच यंत्रावर एका दमात, न लिहिता, बोलून मोकळी झाली आणि कपड्यांकडं परत गेली. 'रॉक्झॅन्स रिव्हेंज'. त्यावर उत्तरं, उत्तरांना उत्तरं, एवढी गाणी निघाली की त्याला 'रॉक्झॅन वॉर्स' असं नावच पडलं.

पुणेरी_चष्मा

लेख छान, पण मुळात प्रश्न. रॅपमध्ये संगीत कुठे असते? चाल नाही, राग नाही. ठेक्यावर बडबड करायची आणि मध्ये मध्ये शिव्या घालायच्या. परीक्षकांनी झिम्म्याच्या स्पर्धेत झिम्म्याचे निकष लावले तर चूक काय? उद्या कोणी भोंडल्यात गझल म्हणेल.

बाकी 'मी धुतो' ऐकून आमच्याकडे मुलगा झाला असे पेढे वाटले असते. ;)

हलगी_शेकतो

चष्मेवाले, भोंडला तुमच्याकडं. आमच्याकडं हादगा. :D

चाल नाही म्हणता, तर एक करून बघा. फुगडी घालणाऱ्या दोन बायकांच्या शेजारी उभं राहून डोळे मिटा. पकवा ऐका. ओठांतून, दातांतून हवा सोडत, फूत्कार टाकत धरलेला ठेका. हातात वाद्य नाही, हात तर फुगडीत अडकलेत. तोंडाचंच वाद्य. ह्याला न्यूयॉर्कात बीटबॉक्स म्हणतात आणि त्याच्या कार्यशाळा घेतात. आमच्या मावशीनं कार्यशाळा न करता नऊवारीत केलंय, तेही गरगर फिरत.

दुसरं, दम. मी हलगी वाजवतो, घुमकं-कैताळाच्या साथीला शब्द फेकणारे बघितलेत. ठेक्यात बोलताना खरी मारामारी श्वासाची. चार ठोक्यांच्या घरात शब्द कोंबायचे आणि श्वास घ्यायला फट ठेवायची. नवखा माणूस ओळीच्या शेवटी धापा टाकतो. पिंग्यात वाकून गोल फिरत, लय चढत असताना बायका ओळ पुरी करतात. धागाकर्तीनं दिलेल्या चार ओळी मी मोठ्यानं म्हणून बघितल्या. 'म्हशी धुतो, धार काढतो' इथं स्वल्पविरामाला अर्धा ठोका मोकळा सोडलाय. पोरीला कळतंय ती काय करत्या ते.

हलगी माझ्याकडं आहे. रविवारी आणतो. पावसाळी हवा असली तर कातडं सैल पडतंय, गच्चीवर शेकायला चार गोवऱ्या नाहीतर कागद तरी ठेवा.

आज्जी_शिवाजीपेठ

नातवाला सांगून टाइप करून घेत्ये, चुका त्याच्या.

रॅप मला ठाऊक नाही. पण बायकांचं कामच नव्हे, हे वाक्य मी लावणीबद्दल ऐकलंय. सुलोचनाबाई चव्हाण लावणी म्हणायच्या तेव्हा ठसका असा की माणूस जागचा हलावा, आणि स्वतः उभ्या कशा, तर डोईवरनं पदर घेऊन. अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. पण आमच्या घरी रेडिओवर 'सोळावं वरीस' लागलं की सासरे उठून रेडिओ बंद करायचे. 'सवाल माझा ऐका' १९६४ चा, त्यातली ती लावणी. संगीत वसंत पवारांचं. ते बंद करायचे आणि आम्ही जावा स्वैपाकघरात पुढची ओळ गुणगुणायच्या. पद्मश्री बाईंना मिळाली २०२२ साली, त्याच वर्षी डिसेंबरात गेल्या. सासरे असते तर पेपरातला फोटो दाखवला असता.

विहिणीच्या गाण्यांत आम्ही काय काय म्हणायच्या ते इथं लिहीत नाही, नातू टाइप करतोय.

शाईची_दौत

आज्जींना दंडवत. पण एक मुद्दा पटकन टाकतो, नाहीतर धागा नुसता 'लावणी म्हणजे आपलं रॅप' या वळणावर जाईल, आणि हे वळण मला सोपं वाटतं.

लावणीत 'मी' म्हणणारी बाई. पण तो 'मी' लिहिणारे बहुतेक पुरुष. होनाजी बाळा, राम जोशी सोडा, अगदी आपल्या कोल्हापूरचे जगदीश खेबूडकर. 'पिंजरा' १९७२ चा, आवाज उषा मंगेशकरांचा, शब्द खेबूडकरांचे, चाल राम कदमांची. गाणी अफाट आहेत, वाद नाही. पण बाईला काय वाटतं ते पुरुषानं कल्पून लिहिलंय. रॅपचा निदान दावा तरी असा की बोलणाऱ्याचं तोंड आणि शब्द एकच. त्या चौदा वर्षांच्या पोरीनं शब्द कुणाकडून घेतले नाहीत.

मग आपल्याकडं बाईनं बाईसाठी स्वतः रचलेलं काय? जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, तीन हजारांहून जास्त बायकांच्या, प्रत्येकीच्या नावागावासकट. आज ग्रामीण भारताच्या गोष्टी जपणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर त्यातल्या बऱ्याच ऐकता येतात. नवऱ्याच्या मारापासून बाबासाहेबांपर्यंत सगळं त्यात आहे. पहाटे, अंधारात, ऐकायला कुणी नसताना म्हटलेलं. पिंगाही त्यातलाच, फक्त तो समोरासमोर.

म्हणून धागाकर्तीला सुचवतो: रॅपचं नातं लावणीशी कमी, जात्याशी जास्त लावा. आणि भाचीनं चार ओळी 'पदरच्या' घातल्या म्हणून गुण कापले असतील, तर कापणाऱ्यांना पिंगाच कळला नाही. पिंग्यात सगळ्याच ओळी कुणाच्या ना कुणाच्या पदरच्या असतात.

तबकडी_बापू

शाईची_दौत, मान्य, पण रॅपमधल्या 'स्वतःच्या शब्दां'चं एवढं सोवळं करू नका. सॉल्ट-एन-पेपा या बायकांच्या रॅप गटाची सुरुवातीची बरीचशी गाणी त्यांचा निर्माता हर्बी अझोर लिहायचा. 'एक्सप्रेशन' सॉल्टनं स्वतः लिहिलं, निर्मितीही स्वतः केली, तेव्हा कुठं सूत्रं हातात यायला लागली. १९९५ ला त्यांना ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतलं संगीताचं मोठं पारितोषिक, मिळालं. त्याच रात्री क्वीन लतीफालाही मिळालं, 'युनिटी'साठी, रस्त्यावर बाईला वाट्टेल ते म्हणणाऱ्यांना जाब विचारणारं गाणं. लॉरिन हिलच्या १९९८ च्या अल्बमनं पुढच्या वर्षी वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी घेतलं, हिपहॉपला तोवर ते मिळालं नव्हतं.

आणि एक हिशेब. सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी १९९६ पासून देतात. २०२५ पर्यंत ते घेणाऱ्या बायका तीन: लॉरिन हिल (तीही फ्युजीज गटातून), कार्डी बी, डोची. मिसी एलियटला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला २०२३ उजाडलं, आणि तिथं पोचलेली ती पहिली रॅपर बाई.

पुणेरी_चष्मा

तीन हा आकडा कमी आहे हे मान्य. संगीत कुठे आहे हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. पकव्याचा मुद्दा रोचक.

जयप्रभा_समोर

चाली बांधणाऱ्या बायका म्हणालात, आणि कोल्हापूरचा धागा असून अजून कुणी आनंदघनांचं नाव काढलं नाही?

नव्या पोरांसाठी: भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना एक संगीतकार होते. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. पाटीवर नाव आनंदघन. हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. वडील गेल्यावर मास्टर विनायकांच्या कंपनीत काम करत ही मुलगी कोल्हापुरात राहिली होती, १९४५ ला मुंबईला गेली. गाणारी म्हणून जगानं डोक्यावर घेतलं, पण चाल लावताना तिनं वेगळं नाव घेतलं. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा समारंभात आनंदघन म्हणून पुकारा झाला, कुणी उठेना. शेवटी व्यासपीठावरूनच सांगावं लागलं की आनंदघन इथंच बसल्यात.

'ऐरणीच्या देवा' ऐका. मागं भाता आणि घणाचा ठेका आहे, गाणं त्यावर चढवलंय. चष्मेवाल्यांना चाल पाहिजे होती ना, ही घ्या, कोल्हापूरच्या मातीतली, बाईनं बांधलेली.

अवांतर: टोपणनाव का घेतलं असेल यावर मला वाद घालायचा नाही. मला एवढंच दिसतं की रॅप करणारी पोरगी पण टोपणनावच घेते.

हलगी_शेकतो

शेवटचं वाक्य लई भारी.

केसरबाई_फॅन

अवांतर, पण राहवत नाही. १९७७ च्या व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्या आठ वर्षांच्या असताना घरचे कोल्हापुरात आले होते आणि काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडं त्यांचं शिक्षण इथं झालं. म्हणजे कोल्हापुरात शिकलेला एक आवाज सूर्यमालेच्या बाहेर गेलाय.

तबकडी_बापू

ते लोकप्रिय संगीत नव्हे हो. पण राहू दे, इतक्या लांब गेलेल्याला परत कोण बोलावणार.

लोकल_डब्यातून

मुंबईची वाचक. मराठी आणि आपल्या देशातल्या हव्यात ना, घ्या. माही जी, महादेव कोळी समाजातली, जंगल आणि आदिवासींच्या हक्कांवर मराठीत रॅप करते. भाचीनं सगळ्यात आधी हिला ऐकावं, गावाकडची बोली लपवायची नसते हे तिच्याकडून कळतं. डी एमसी हिंदी-इंग्रजीत करते, पुरुषांच्या घोळक्यात उभी राहून नाव केलेली. 'वाइल्ड वाइल्ड वुमन' हा मुंबईतला फक्त मुलींचा गट, त्यातली क्रांतीनारी नाव शोधून ऐका. शिलाँगची मेबा ओफिलिया, २०१८ ला एमटीव्ही युरोपच्या पुरस्कारांत भारतातली सर्वोत्तम ठरली. आणि सोफिया अश्रफ: कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातल्या पाऱ्यावर तिनं २०१५ ला रॅप केलं. कामगार कित्येक वर्षं भांडत होते, गाण्यानंतर देशभर गवगवा झाला, आणि २०१६ ला ५९१ माजी कामगारांशी कंपनीनं समझोता केला. गाण्यानं एकट्यानं झालं असं मी म्हणणार नाही, लढा त्यांचाच. पण मला त्या कारखान्याचं नाव गाण्यामुळंच कळलं.

रॅप नाही, पण कडूबाई खरात विसरू नका. हातात एकतारी, गळ्यात भीमगीतं. स्टुडिओ नाही की साथीदार नाहीत, मोबाइलवर चित्रित झालेल्या गाण्यांनी महाराष्ट्रभर पोचल्या.

गंगावेस_कट्टा (धागाकर्ती)

बाई गं, किती लिहिलंत सगळ्यांनी. भाचीला सगळं वाचून दाखवलं. रॉक्झॅनचं ऐकल्यावर म्हणाली, "ती कपडे धूत होती, मी म्हशी धुतो. एकच की." मग वही काढली आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

तिचा सराव सांगते. संध्याकाळी धारा झाल्या की भाऊ कट्ट्यावर दूध घेऊन जातो, तेवढ्यात ही गच्चीवर. मोबाइल स्टीलच्या डब्यात उभा ठेवते, आवाज मोठा होतो म्हणून. डबा दुधाचाच, त्यामुळं रोज वहिनीची बोलणी. ठेका लावला की आधी शब्द नाहीत, नुसतं त-त-ता करत चार वेळा फिरते, मग शब्द बसवते. एखादा शब्द बसत नसला तर बदलत नाही, तोच दहा प्रकारे म्हणून बघते. काल 'पानपट्टी'वर अर्धा तास गेला. 'ट्टी'वर जोर द्यायचा का 'पान'वर. शेजारच्या काकू खालून ओरडल्या, "अगं कुठली पानपट्टी, कुणी काय केलं का तुला?"

शाईची_दौत, तुमचा जात्याचा मुद्दा पोचला. माझ्या आईला विचारलं, तिला चाळीसेक ओव्या पाठ निघाल्या. इतकी वर्षं मी कधी विचारलंच नव्हतं. त्यातल्या दोन ती रविवारी म्हणणार आणि पोरगी खाली ठेका धरणार, असं ठरतंय. आईची अट एकच, "माईक नको, मला ओरडायची सवय नाही." पोरगी म्हणते माईक त्याच्यासाठीच असतोय आज्जी.

पुणेरी_चष्मा

रविवारचे कोणी ध्वनिमुद्रण केले तर दुवा द्यावा. टीका करण्यासाठी आधी ऐकावे लागते.

हलगी_शेकतो

या की हो स्वतःच. तांबडा-पांढरा खाऊन जावा.

पुणेरी_चष्मा

शाकाहारी आहे.

हलगी_शेकतो

मग संगीत कुठं असतं हे तुम्हाला कसं कळणार. (हलकेच घ्या. मिसळ आहे.)

आज्जी_शिवाजीपेठ

पोरींना म्हणावं घागर पण घुमवा. फुंकर नीट बसली की खालचा आवाज असा निघतो की छातीत वाजतो. तुमच्या त्या डॉल्बीला ऐकू जाणार नाही असा नाजूक, पण गच्चीला पुरतो. मी येणार, नातू गाडीवर सोडणार आहे. जिने किती आहेत?

गंगावेस_कट्टा (धागाकर्ती)

दोन जिने आहेत आज्जी, पोरी धरून आणतील. घागर मात्र आमच्याकडं स्टीलची आहे, चालंल का?

आज्जी_शिवाजीपेठ

स्टीलची घुमत नाही. माझी तांब्याची घेऊन येत्ये. पण चिंचेनं घासून परत द्यायची, गेल्या गौरीला एकीनं तशीच काळी करून दिली होती.